वहीत बदललेलं ब्रेक ऑइल

पेडल माझ्या पायाखाली घट्ट होतं. मी पुन्हा दाबलं, मिनिटभर दाबून धरलं. एक सूतही खाली गेलं नाही.

"ब्रेक तर चांगला आहे," मी म्हणालो.

विद्याताईंनी वडिलांकडे पाहिलं. "ऐकलंत ना बाबा? मी तेच सांगतेय. तुमचा पाय नीट पडला नसेल."

बाबा म्हणजे गवळी सर. ते मोखाड्याचे, हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. मीही त्यांचाच विद्यार्थी. त्यांचा ठाण्याचा भाचा परदेशी गेला, तेव्हा जाताना आपली जुनी स्पोर्ट्स कार मामाला देऊन गेला. दोन सीटची, जमिनीला टेकलेली, बटण दाबलं की बॉनेटमधून दिवे वर येणारी. आमच्याकडे तिला सगळे बेडूक म्हणतात.

त्या दिवशी सकाळी सर बेडूक घेऊन जव्हारचा घाट विक्रमगडच्या बाजूला उतरत होते. निम्म्या घाटात पेडल थेट तळाला गेलं. सरांनी गिअर खाली टाकले, हँडब्रेक ओढला आणि डोंगराकडच्या गटारात चाक घालून गाडी थांबवली. दरी दुसऱ्या बाजूला होती. टो करून गाडी माझ्या गॅरेजला आली, तोवर पेडल पूर्ववत झालेलं. मग घरच्यांनी काय समजायचं? गाडीची चावी विद्याताईंच्या पर्समध्ये गेली होती. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, एकदा ठरवलं की ठरवलं. गाडी विकायची आणि बाबांनी यापुढे मागच्या सीटवर बसायचं.

समोरच्या स्टँडवरून काशिनाथ जीपवाल्याने हाळी दिली, "काय सुभाषभाऊ, ब्रेक गेला का म्हाताऱ्याचा पाय गेला?"

"बघतो," मी म्हणालो.

मी चारही चाकं काढली. गळती कुठे नव्हती. पॅड जाड होते. पेडलच्या पुढे असतो तो मास्टर सिलिंडर, म्हणजे पाय दाबला की तेल चाकांकडे ढकलणारा पंप, तोही ठीक. त्याच्या वरच्या डबीतलं ब्रेक ऑइल मधासारखं स्वच्छ. सगळं चांगलं आणि तरी ब्रेक गेला. असा फॉल्ट मला आवडतो, डोकं चालू लागतं. मी स्टूल ओढून सरांसमोर बसलो.

"सर, घाटात पुढे कोण होतं?"

"भरलेली जीप. टपावरही माणसं. ती हळू, म्हणून मीही हळू."

"म्हणजे पाय सतत ब्रेकवर?"

"जवळजवळ."

"वास आला?"

"जळका. मला वाटलं, जीपचा असेल."

"थांबल्यावर पेडल परत कधी आलं?"

सरांनी डोळे बारीक केले. "पंधरा-वीस मिनिटांनी. मी दर थोड्या वेळाने दाबून पाहत होतो. हळूहळू वर आलं."

विद्याताई म्हणाल्या, "बाबा, घाबरल्यावर माणसाला काहीही वाटतं."

पण घाबरलेला माणूस गटारात बसून दर थोड्या वेळाने पेडल दाबून पाहत नाही. आणि तापल्यावर जाणारा, थंड झाल्यावर येणारा ब्रेक मला माहीत होता. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. आमच्याकडे चार महिने भिंतीसुद्धा ओल्या असतात. नवं तेल खूप तापलं तरी उकळत नाही, पाणी मुरलेलं लवकर उकळतं. उकळलं की वाफ होते. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल खाली जातं आणि चाकापर्यंत काही पोचत नाही. निवलं की वाफेचं पुन्हा तेल.

पण डबीतलं तेल तर नवं होतं.

मी स्टुलावरून उठलो. मी पुढच्या चाकाच्या कॅलिपरचं निपल सैल केलं. कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला पॅड चिमटणारा भाग, निपल म्हणजे त्यातून तेल आणि हवा काढायची छोटी तोटी. बाटलीत जे उतरलं ते कोऱ्या चहासारखं काळं होतं.

का, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

सरांची एक पद्धत आहे. गाडीत वही असते. ज्याने काम केलं त्याने स्वतःच्या हाताने लिहायचं आणि सही करायची. मागच्या वर्षी पावसाळा संपल्यावर सरांनी ब्रेक ऑइल बदलायला सांगितलं होतं. मागच्या डाव्या चाकाचं निपल गंजून जाम झालेलं. जोर लावला असता तर तुटलं असतं, आणि या गाडीचा पार्ट इथे काय, नाशिकलाही मिळत नाही. सर बाहेर चहा घेत वाट पाहत होते. मी सिरिंजने वरच्या डबीतलं जुनं तेल ओढलं, नवं भरलं. वहीत लिहिलं, 'ब्रेक ऑइल बदलले', आणि सही केली. नळ्यांमधलं, चाकांमधलं, जिथे खरी उष्णता असते तिथलं, सगळं जुनंच राहिलं.

आता गप्प राहणं सोपं होतं. तेल बदलायचं, गाडी द्यायची. जाब तर कुणी विचारत नव्हतं, दोष घ्यायला सरांचा पाय तयार होता. बाटली हातात घेऊन मी किती वेळ उभा होतो, सांगता येणार नाही. एवढं आठवतं की सर त्या बाटलीकडे बघत होते, एखाद्या पोराने प्रयोगात काय काढलंय ते बघावं तसं.

"सर, वही द्या," मी म्हणालो. ते पान उघडलं आणि दोघांसमोर सगळं सांगितलं. सिरिंज, गंजलेलं निपल, सगळं.

विद्याताई आधी पांढऱ्या पडल्या, मग लाल. "सुभाषदादा, बाबा दरीत गेले असते!"

"हो."

"आणि मी सकाळपासून त्यांनाच बोलतेय."

सरांनी माझ्या सहीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "प्रयोग न करता निष्कर्ष लिहिलास. नववीतही हेच करायचास."

पुढचे तीन दिवस मी त्या निपलवर गंज सोडवायचं तेल सोडत राहिलो आणि हलक्या हातोडीने टकटक करत राहिलो. चौथ्या दिवशी ते फिरलं. मी सरांना आणि विद्याताईंना बोलावून घेतलं. ब्लीडिंगला, म्हणजे नळ्यांमधलं जुनं तेल आणि हवा काढायला, दोन माणसं लागतात. एक चाकापाशी, एक पेडलवर. मी म्हणालो, "पेडलवर सर बसतील."

"दाबा." मी निपल उघडायचो. काळं तेल नळीतून बाटलीत. "धरून ठेवा." निपल बंद. "सोडा." निपल बंद व्हायच्या आत पाय सुटला तर हवा आत जाते आणि सगळं पहिल्यापासून. चार चाकं, दीड तास. नळीतून नवं पिवळं तेल येईपर्यंत सरांचा पाय एकदाही आधी सुटला नाही. उलट मध्येच मी दमून 'सोडा' म्हणायला विसरलो, तर आतून आवाज आला, "अरे, मी धरलंय अजून!"

विद्याताई दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. काम झाल्यावर त्यांनी पर्स उघडली आणि चावी बॉनेटवर ठेवली. "मी शेजारी बसते," एवढंच म्हणाल्या.

त्याच दुपारी सर तो घाट उतरले. मी मोटरसायकलवर मागे होतो. पायथ्याला त्यांनी गाडी थांबवली, पेडल दोनदा दाबलं आणि खिडकीतून अंगठा वर केला.

परत आलो तर काशिनाथ स्टँडवरच. "मग काय निघालं? ब्रेक का पाय?"

"माझा हात," मी म्हणालो. तो हसला. त्याला थट्टा वाटली.

आता गॅरेजमध्ये कुणाचंही ब्रेक ऑइल बदललं की चाकातून निघालेलं तेल मी बाटलीत भरून गिऱ्हाइकाच्या हातात देतो. काहीजण वैतागतात, हे घेऊन काय करू म्हणतात. मी सांगतो, बघा आणि इथेच ठेवून जा. सरांच्या वहीत माझी जुनी नोंद तशीच आहे, त्यांनी ती खोडू दिली नाही. तिच्याखाली मी लिहिलं, 'वरील काम झाले नव्हते. आज झाले.' निपल जाम असेल, तर वहीत निपल जाम आहे एवढंच लिहावं. तीन शब्द पुरतात.