पतसंस्थेच्या दारात बैल

आमच्याकडे माणूस खरोखर बुडाला की नाही, हे त्याच्या घरावरून किंवा गाडीवरून कोणी ठरवत नाही. घर गहाण पडतं, गाडी विकली जाते, त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण शर्यतीचा बैल विकला की लोक म्हणतात, संपलं. बैलगाडा पळवणारा माणूस एक वेळ बायकोचे दागिने मोडेल, पण दावणीचा बैल सोडणार नाही. म्हणून त्या शनिवारी सकाळी आमच्या पतसंस्थेच्या बंद शटरपुढे रांग दिसली, तेव्हा मला फार विचारावं लागलं नाही. आमच्या चेअरमनचा बैल आदल्या पहाटे पिकअपमध्ये चढवून मढकडे नेताना कोणीतरी पाहिला होता. मढच्या पुढे माळशेज, आणि घाट उतरला की गिऱ्हाईकच गिऱ्हाईक. बैल विकला म्हणजे चेअरमन बुडाला, आणि चेअरमन बुडाला म्हणजे पतसंस्था बुडाली.

मी तिथे कॅशिअर आहे. रांगेत सगळ्यात पुढे माझी आई उभी होती.

“तू कशाला आलीस गं?” मी विचारलं.

“पैसं काढाय. समदं.”

“अगं, मी आत बसते ना रोज!”

“तू आत बसल्यानं पैसं भाईर येत न्हाईत,” ती म्हणाली.

वर्षानुवर्षं डेअरीला दूध घालून तिने गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ते पैसे साठवले होते. शटर उघडून मी काउंटरला बसले, तेव्हा मला असा राग आला होता की नोटा तिच्या हातावर आपटाव्यात. तरी मुकाट्याने दिल्या. तिने त्या पिशवीत घातल्या, पिशवी पदराखाली धरली आणि सगळ्या रांगेदेखत ती बाहेर पडली. झालं! “कॅशिअरची आईच काढतीय राव, आपुन काय बघत बसायचं?” असं मागून कोणीतरी ओरडलं आणि रांग थेट भेळेच्या गाडीपर्यंत गेली. घरचा आहेर म्हणतात तो हा.

संस्था बुडालेली नव्हती. पण लोकांनी ठेवलेला पैसा तिजोरीत झोपून राहत नाही. तो कोणाच्या द्राक्षबागेत असतो, कोणाच्या टोमॅटोच्या तारकाठीत, कोणाच्या पिकअपच्या चाकांत. सगळे जण एकाच सकाळी मागायला आले तर जगातली कुठलीही बँक देऊ शकत नाही. त्यात तो चौथा शनिवार. जुन्नरच्या बँकेतली आमची ठेव सोमवारशिवाय हातात येणार नव्हती, आणि आमची रोकड दुपारपर्यंत कशीबशी पुरली असती. माणसं रांगेत असताना शटर खाली आलं, तर सोमवारी पोतंभर नोटा आणल्या तरी कोणी विश्वास ठेवला नसता.

समोरच्या चहाच्या दुकानात टीव्ही चालू होता. मध्यवर्ती बँकेने व्याजदर जैसे थे ठेवले आहेत, देशाची बँकव्यवस्था भक्कम आहे, असं त्यातली बाई हसून सांगत होती. सांगणारच. मोठ्या बँकेची रोकड आटली तर तिला मध्यवर्ती बँकेकडे हात पसरता येतो. आमच्या पाठीशी नुसती भिंत होती आणि भिंतीवर कॅलेंडर. मॅनेजर एकेक सही डोळ्यांजवळ नेऊन तपासत होते, मी एकेक गड्डी दोनदा मोजत होते. वेळ काढण्यापलीकडे आमच्या हातात काही नव्हतं.

चेअरमन आले तसा गलका झाला. “चेअरमन, बैल कुटंय?”

“हाय. भैनीकडं हाय, मढला.”

“कशापायी?”

चेअरमननी नजर दुसरीकडे वळवली. मला तेव्हा उमगलं. यात्रेतली शर्यत तोंडावर आली असताना बैल दुखावला, तर कोणी तोंडातून शब्द काढत नाही. गाड्याला जोडीचा बैल दुसऱ्या मालकाचा असतो, आणि तो मालक लगेच दुसरी सोयरीक बघतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे खरं. पण इथे मूठ झाकल्यामुळेच गाव दाराशी आलं होतं.

मी काउंटर सोडून बाहेर आले. “चेअरमन, बैल आना.”

“ताई, समद्यांना कळंल. यात्रा हातची जाईल वो.”

“आन् न्हाई कळलं तर संस्था जाईल. कंची पायजे बोला!”

मग त्यांनी बहिणीला फोन लावला.

तिजोरीत शेवटच्या काही गड्ड्या उरल्या होत्या तेव्हा पिकअप आला. मागचा फाळका पडला आणि बैल एकेक पाय टाकत खाली उतरला. मागच्या पायाला फडकं बांधलेलं, हळदीचा वास सगळीकडे. मग एक म्हातारा म्हणाला, “आरं, ह्यो तर लंगडतोय!” आणि रांग मोडून सगळी माणसं बैलाभोवती जमली. जो तो डॉक्टर झाला. पैसे काढायच्या स्लिपांनी लोक बैलावरच्या माश्या हाकलू लागले. चेअरमन बैलाच्या मानेवर हात ठेवून उभे होते. त्यांची यात्रा गेली होती, तरी चेहरा मोकळा झाला होता. माझा जीव भांड्यात पडला. मी आत जाऊन खुर्चीत बसले.

टीव्हीवर मध्यवर्ती बँकेचे साहेब शब्द तोलून मापून बोलतात आणि बाजार शांत होतो. आमच्या चेअरमनला तसं बोलता येत नाही. त्यांनी बैल दाखवला.

तेवढ्यात खिडकीतून पिशवी आत आली. आई एसटीची वाट बघत स्टँडवर बसली होती, ती परत आली होती.

“घे, टाक माघारी. आन् मोजून घे.”

मी मोजले. “आई, शंभर कमी हायेत.”

“भेळ घेतली. काल सांजच्यापून घास उतरत नव्हता. बैल बघितला आन् भूक लागली.” तिने कागदाची पुडी खिडकीतून पुढे सारली. “दोन घेतल्यात. तू बी काय खाल्लं नसशील.”

पावतीवर शिक्का मारायच्या आधी मी पुडी सोडली.