पप्पांच्या गाण्यातले थांबे कापले

मंडळी, दुबईतल्या अल कुसैसच्या हॉलमधून आत्ताच आलोय. डोकं जाम तापलंय.

आम्ही रायगडातल्या कोर्लईचे, घरात पोर्तुगीज बोली बोलणारे. आमच्या गाण्यात एक जण ओळ म्हणतो, बाकीचे उत्तर देतात. वारलेल्या पप्पांची एकच कॅसेट आहे. तीत ते एकटेच गातात, पण ओळ संपली की उत्तरासाठी थांबतात. अबुधाबीजवळच्या मुसफ्फातलं वेल्डिंगचं काम सांभाळून मी पप्पांच्या आवाजाखाली टेक्नो बीट घातला. थांबे तसेच ठेवले आणि आजच्या कार्यक्रमासाठी सीडी डीजेला दिली.

हा डीजे म्हणजे इथंच वाढलेला इंजिनियर, मोठा शहाणा. त्यानं सगळे थांबे कापून टाकले! आम्ही चौघं गाववाले तोंड उघडतोय, तोवर पप्पांची पुढची ओळ सुरू.

विचारलं तर म्हणतो, "ब्रो, मध्ये मध्ये एम्प्टी होतं, क्लीन केलं. थँक्स तरी बोल!"

म्हटलं, "हबीबी, माझा बाप दुसऱ्यासाठी थांबायचा. तुला नुसतं आपलंच वाजवायचंय. खलास, बंद कर."

मग पार्किंगमध्ये मित्राच्या गाडीत जुनी कॅसेट लावली आणि चौघांनी गळा फाडून पप्पांना उत्तर दिलं.

एवढं शिकून ज्याला दुसऱ्याचं ऐकायला दोन सेकंद थांबता येत नाही, त्यानं कुणाच्या बापाच्या गाण्याला हात लावावा का? सांगा तुम्हीच.