चौथ्या मजल्याच्या खिडक्या

बेसमेंट आवरताना बाबांची मापाची कापडी टेप सापडली. तिच्या जुन्या पितळी कडीचा वास आला आणि मला २००९ चा मार्च आठवला.

बाबा आर्किटेक्ट. तरुणपणी बेलफास्टला असताना त्यांनी लाल विटांची एक व्हिक्टोरियन वखार मोजली होती. ती पुढे पाडली, नकाशेही हरवले. शेवटच्या आजारपणात, एटोबिको या उपनगरातल्या आमच्या घरी, ते पलंगावरून मापं सांगायचे आणि मी ती वखार कागदावर काढायचे. त्यांची शिस्त एकच: एकाने आकडा सांगितला की दुसऱ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा, मगच पुढचा.

"आता चौथा मजला. इथल्या खिडक्या लहान आहेत हं," असं म्हणून त्यांनी रुंदी सांगितली. मी फोनवर ऑफिसची ईमेल वाचत होते.

"परत म्हण गं."

"बाबा, लिहिलंय ना!"

लिहिलं काहीच नव्हतं. ते भिंतीकडे कूस वळवून म्हणाले, "राहू दे."

दोन दिवसांनी ते गेले.

आकडा परत म्हणायला लावणं हा तेव्हा मला त्यांचा हट्ट वाटला होता. ते चित्र अजून माझ्याकडे आहे. खाली तीन मजले नुसत्या खिडक्याच खिडक्या, आणि वर एक कोरी भिंत.