भोपळ्यातलं बूच

"भोपळ्याला आपोआप भोक पडत नाही, ताई."

"जुना असेल. बाजारात वाजवून घ्यायचा असतो."

"वाजवूनच घेतला होता."

"मग ओव्हनमध्ये तडकला."

"तडकला तर भेग पडते. हे चमच्याएवढं गोल भोक आहे. आणि वरून कुणीतरी त्याला बटाट्याचं बूच मारलंय."

आई हात पुसायला लागली. हात कोरडेच होते. काकूने, म्हणजे आईच्या धाकट्या जावेने, भोपळा कलता करून माझ्यासमोर धरला, जशी काही मी पंच. मी पुसलेल्या प्लेटा पुन्हा पुसायला घेतल्या. बाहेर टेबलाभोवती पंधरा माणसं चमचे वाजवत बसली होती.

आई चोवीस वर्षं एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात आहे. मीठ नावाला, तेल मोजून, मिरी तर दाखवायलाही नाही. "आजाऱ्यांचं शिजवून शिजवून माझा हातच पथ्यावर गेलाय," असं ती म्हणते. वर्षातून एकदा, मोठ्या सुट्टीच्या जेवणाला, ती तो हात मोकळा सोडते. मांसाचा तुकडा न घालता पंधरा माणसं अशी जेवू घालते की उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागतो. तिचा मानाचा पदार्थ म्हणजे खाली दाटसर मसूर, वर बटाट्याचा जाड मऊ थर, आणि तो भाजून खरपूस केलेला. आम्ही त्याला नुसतं 'थर' म्हणतो. टेबलाच्या मधोमध ठेवतात तो थरच.

आणि ती करताना कधी चव घेत नाही. वाफ हुंगून मीठ ओळखते. हाताखाली नवी बाई आली की पहिल्याच दिवशी ऐकवते, "चमचा तोंडात घालणारीचा स्वतःच्या हातावर भरवसा नसतो."

काकू दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आली. कपाने मोजणार, आठदा चाखणार. गेल्या सुट्टीला तिने अख्खा भोपळा पोखरून त्यात भात, अळंबी आणि अक्रोड भरले. बाबांनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि आईला म्हणाले, "हे शिकून घे की हिच्याकडून."

बोलून बाबा विसरले. आई वर्षभर ते वाक्य चघळत राहिली. भाजीवाल्याकडे भोपळा दिसला तरी तिचं तोंड कडू व्हायचं. काकूने नवा पडदा लावला, तर म्हणे रंग भडक. काकूला खोकला झाला, तर म्हणे आठदा चाखल्यावर घसा राहील कसा. आणि आज सकाळी बाबांनीच टेबलावर हात फिरवून फर्मान काढलं, "यंदा मधे भोपळा ठेवू. उंच आहे, शोभेल. थर कडेला बसेल."

दुपारी काकू आंघोळीला गेली तेव्हा मी कोथिंबीर निवडत होते. आईने भाजून ओट्यावर निवत ठेवलेला भोपळा पाठमोरा केला, खालच्या बाजूला चमचा खुपसला आणि घास तोंडात घातला. डोळे मिटले. मग दुसरा घास. चौथ्या घासाला न्हाणीघराची कडी वाजली. आईने आपल्या थरावरचा चमचाभर बटाटा उचलला, भोकात लिंपला आणि ती बाजू भिंतीकडे केली. माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी कोथिंबिरीत मान घातली.

"तुझ्याच भांड्यातलं काहीतरी लागलं असेल," आई आता म्हणत होती.

"मी आज बटाटा उकडलाच नाही, ताई." काकूने बूच बोटावर घेतलं. "आणि हा कुणाचा ते कळतं मला. दोनदा चाळणीतून काढलेला, एक गुठळी नाही, जायफळ नखभर. असा बटाटा या घरात एकच बाई करते."

"कौतुक करतेस की आळ घेतेस?"

"दोन्ही. मी तीनदा करून बघितला. नाही जमला."

"कधी?"

"तुम्ही ड्यूटीवर असताना. तिन्ही वेळा मांजरीला घातला. तिसऱ्या वेळी तिनेही तोंड फिरवलं."

मला हसू आलं. आईने माझ्याकडे पाहिल्यावर गेलं.

बाहेरून बाबा ओरडले, "अगं, मधली जागा रिकामी ठेवलीय. आणताय ना?"

काकूने भोपळा ओट्यावर सरळ ठेवला. आवाज खाली आणला.

"भोकाचं जाऊ द्या. मी कुणाला सांगणार नाही. एवढंच सांगा, कसा लागला?"

आई थराच्या ट्रेची कड पुसायला लागली.

"मीठ कमी होतं का, ताई?"

आईने फडकी घेतली, थराचा ट्रे दोन्ही हातांनी उचलला, चमच्याने खड्डा पडलेली बाजू आपल्या पोटाशी वळवली आणि मधली जागा गाठायला बाहेर निघून गेली.