सासूबाईंची पळी आणि चमच्याचं पिल्लू

पक्षी-उद्यानात तिला सगळे दाई म्हणत. घरट्यातून पडलेली, आईबापांनी टाकलेली पिल्लं तिच्या खोलीत येत आणि पंख फुटले की उडून जात. तिच्या हाताला यश होतं, आणि ते तिला जरा जास्तच ठाऊक होतं. "माझ्या हातचं पिल्लू मरत नाही," असं ती छातीठोकपणे सांगे. अशी माणसं एक ना एक दिवस तोंडघशी पडतात. दाईही पडली.

झालं असं, की वादळानंतर कुदळ्यांच्या घरट्यांखाली तीन पिल्लं सापडली. कुदळ्या म्हणजे लांब, वाकड्या चोचीचा पांढरा पक्षी. चिखलात चोच खुपसून चाचपत भक्ष्य शोधतो. दाईने तिघांना एकाच टोपलीत वाढवलं. जरा मोठी झाल्यावर चिखलाच्या परातीत गांडुळं पुरून ती त्यांना शिकवू लागली. दोघं पटापट शिकली. तिसरं मात्र परातीकडे ढुंकूनही बघेना, हातावर धरलेलं तेवढं खाई. दाईने त्याचं नाव ठेवलं आळशी.

मग एका सकाळी तिने नीट निरखून पाहिलं. भावंडांच्या चोची खाली वळू लागल्या होत्या आणि आळशीच्या चोचीचं टोक पसरट होत चाललं होतं.

उद्यानाच्या डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अगं दाई, हा तर चमचा पक्षी! कुदळ्यांच्या शेजारीच घरटी करतात हे. लहानपणी दोघांच्याही चोची सरळ, मीही फसले."

"मग हा खातो कसा?"

"उथळ पाण्यात चोच अर्धवट उघडी ठेवून डावीउजवीकडे फिरवत चालायचं. मासा लागला की चोच मिटायची. पण आपल्याकडे शिकवायला मोठा चमचा एकही नाही. स्वतःचं स्वतः खाता आलं नाही, तर बाहेर उपाशी मरेल गं."

त्या बिचाऱ्याला आळशी म्हणून आपण हिणवलं, याचं दाईला फार वाईट वाटलं. संध्याकाळी घरी सासूबाई लाकडी पळीने पातेलं ढवळत होत्या. दाई त्या पळीकडे बघतच राहिली.

दुसऱ्या दिवसापासून ती मासे सोडलेल्या उथळ हौदात उतरली. कंबरेत वाकून, पळी डावीउजवीकडे फिरवत चालायची. पहारेकरी पोट धरून हसले. पिल्लू काठावर ढिम्म उभं. घरी सासूबाई विचारत, "माझी पळी कुठं आहे?"

"शाळेत गेलीय, सासूबाई."

कंबरेचा पार भुगा झाला, पण दाई हटली नाही. शेवटी एका दुपारी मागे पाणी डुचमळलं. तिने वळून पाहिलं. पिल्लू तिच्या मागोमाग चोच फिरवत येत होतं. डावीकडे, उजवीकडे, आणि चटकन चोच मिटली! मान वर झाली, मासा गळ्यात उतरला. दाईने अशी आरोळी ठोकली की पहारेकरी काठ्या घेऊन धावत आले.

दुसऱ्या सकाळी तिने सवयीने हातावर मासा धरला. पिल्लाने माशाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पाठ फिरवली आणि ते सरळ पाण्यात चालतं झालं.

"माजलास रे!" दाई म्हणाली. डोळे पुसत तिने मासा बादलीत टाकला. इतका सुखाचा अपमान तिचा आजवर कुणी केला नव्हता.