जावयाच्या कंपनीचे शेअर

आमच्या घरात जावयाला प्रश्न विचारायचा नसतो. त्याला वाढायचं, आग्रह करायचा, अधिक महिन्यात वाण द्यायचं आणि गप्प बसायचं. या रीतीचा मला आज इतका राग येतो की सांगायची सोय नाही.

आमचे हे धारवाडला हायस्कूलात गणित शिकवायचे. निवृत्तीचा पैसा हातात आला तेव्हा ठरलं होतं, धारवाडजवळ रायापूरला दोन खोल्यांचं का होईना, स्वतःचं घर घ्यायचं. उभा जन्म मी देशपांडे नगरात भाड्याच्या घरात काढला. भिंतीत खिळा मारायचा तरी मालकाला विचारा. पण तेवढ्यात जावयाच्या कंपनीचे शेअर बाजारात आले. बेंगळूरची कंपनी. दुकानांच्या, कारखान्यांच्या विक्रीचा डेटा तपासून काय खपतं, कुठे गळती आहे ते दाखवणारं सॉफ्टवेअर करते. ह्यांनी घराचे सगळे पैसे तिकडे लावले. "थोडं थांब, दोनाच्या तीन खोल्या होतील," म्हणाले.

आधी भाव चढला, नाही म्हणत नाही. मग मोठमोठ्या परदेशी कंपन्या तेच काम आपल्या दुसऱ्या सॉफ्टवेअरबरोबर जवळजवळ फुकट देऊ लागल्या. त्यात एआय आलं. साधा प्रश्न टाइप केला की तक्ता समोर हजर. भाव घसरायला लागला. मी पेपर वाचते, बाई असले तरी. म्हटलं, विका. तर हे म्हणतात, "जावयाच्या कंपनीचे शेअर विकायचे? व्याह्यांना कळलं तर काय तोंड दाखवू?" बरं, मग निदान जावयाला विचारा, कंपनीचं कसं चाललंय. त्यावर कानडीत "सुम्न कूड" म्हणून मलाच गप्प बसवलं. गणिताचा मास्तर, आणि घरचा हिशोब मानपानावर सोडवतोय! भीड ही भिकेची बहीण, एवढं साधं यांना कुणी शिकवलं नव्हतं वाटतं.

यंदा अधिक महिन्यात लेक-जावई जेवायला आले. अनारशांचं वाण देऊन झालं. तूप वाढता वाढता शेवटी ह्यांच्यादेखत मीच जावयाला विचारलं, "तुमच्याकडच्या शेअरांचं काय केलंत?"

जावई अगदी सहज म्हणाला, "ते ना आई, केव्हाच विकले. आमच्याकडे गिऱ्हाइकं टिकतच नाहीत आता. मीपण दुसरीकडे नोकरी बघतोय."

"मग ह्यांना का नाही सांगितलंत?"

"त्यांनी इतक्या कौतुकानं घेतले होते. वाईट वाटलं असतं त्यांना."

अंगाची नुसती लाहीलाही झाली. यांनी त्याचा मान ठेवला, त्यानं यांचा ठेवला, आणि माझं घर गेलं. लेक मान खाली घालून भात कालवत राहिली. मी तुपाची वाटी तिथंच ठेवली आणि ह्यांना म्हटलं, "उद्या बाजार उघडला की विका. त्यात रायापूरला एक खोलीसुद्धा येणार नाही, मला कळतं. तरी विका."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वाटी उचलली, जावयाच्या पानाकडे सरकवली आणि म्हणाले, "घ्या जावईबापू, संकोच करू नका. घर तुमचंच आहे."