हातोडी, नारळ आणि वीस मिनिटं

किस्से जमवावे लागत नाहीत. तबला घेऊन मराठवाड्यात नुसतं फिरायचं, आयोजक मंडळी ते फुकट पुरवतात! मी लातूरची. बारा वर्षं उदगीरच्या गुरुजींकडं शिकले. इच्छा एकच: आपल्या लातुरात, गुरुजी पुढच्या रांगेत असताना, सलग वीस मिनिटं एकटीनं वाजवायचं.

* * *

पहिले सहा महिने गुरुजींनी नुसता तीनताल घोटून घेतला. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "पोरगी मंद हाय का वो? अजून पहिलंच गाणं चालू हाय!"

* * *

औशाच्या एका कार्यक्रमात मी हातोडीनं ठोकून तबला सुरात लावत होते. आयोजक वैतागले. "ताई, हे घरून करून आणायचं ना!"

"एसटीच्या धक्क्यानं सूर उतरतो."

"मग रिक्षानं यायचं!"

* * *

नांदेडची तबला स्पर्धा. परीक्षक कोण, तर मंगल कार्यालयाचे मालक! माझ्या साथीला पेटीवर एक काका होते. ते तबल्याला आधार म्हणून एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत होते. पहिलं बक्षीस काकांना! परीक्षक म्हणाले, "एवढ्या गोंगाटात इतकं शांत वाजवणं सोपं न्हाई." आणि काकांनी ते घेतलंही.

* * *

पुन्हा नांदेड. "पाहुणे येईपर्यंत मनसोक्त वाजवा," आयोजक म्हणाले. आपल्याकडं पाहुणा दोन तास उशिरा येतो, म्हणून मी खूश. हा तिसऱ्याच मिनिटाला आला! तबला गुंडाळताना रागानं रडू आलं.

* * *

अखेर लातूर. पत्रिकेत माझं नाव, वेळ वीस मिनिटं, गुरुजी पुढच्या रांगेत. पाचव्या मिनिटाला आमदारसाहेब घड्याळ बघत उठले. निवेदक माइकवर ओरडला, "ताई, थांबा जरा! साहेबांना निघायचंय, तुमचा सत्कार उरकून घेऊ!"

साहेब शाल-नारळ घेऊन माझ्यासमोर येऊन उभे. मी हात थांबवले नाहीत. तेवढ्यात गुरुजी स्टेजवर चढले आणि साहेबांच्या कानाशी लागले. "साहेब, वाजवणं मधीच तोडून नारळ देऊ न्हाई. अन् हातात घेतलेला खाली बी ठेवू न्हाई. इलेक्शनच्या तोंडावर तर अजिबात न्हाई."

बारा वर्षांत ही रीत मी कधी ऐकली नव्हती. साहेब मात्र जागचे हलले नाहीत. मी उरलेली पंधरा मिनिटं पुरेपूर वाजवली.

दुसऱ्या दिवशी पेपरात मोठा फोटो: "तबलावादनाला आमदारांची उभं राहून दाद!"